नाशिक ते लंडन: विमान किती तास, आपण किती तास

मुलगी लंडनला शिकायला गेली, त्या वर्षी गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत भेटेल त्याचा एकच प्रश्न: "किती तास लागतात हो?" मी ठोकून द्यायची, "दहा." पुढे मी स्वतः गेले. घरातून पहाटे साडेचारला निघाले आणि मुलीच्या खोलीवर पोचून पहिला चहा हातात आला, तेव्हा नाशिकच्या वेळेला लावलेल्या माझ्या मनगटावरच्या घड्याळात रात्रीचा दीड वाजला होता. एकवीस तास! म्हणजे मी लोकांना सांगत होते त्याच्या दुपटीहून जास्त.

तेव्हापासून कुणी पहिल्यांदा परदेशी निघालं की मी त्यांना कागद-पेन घेऊन बसवते. अंतर कसं मोजायचं, त्यावरून विमानाचे तास कसे काढायचे आणि घरातून कधी निघायचं, हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की कुणाला विचारावं लागत नाही. खाली लंडन धरलंय. तुमची मुलं सिडनीला किंवा न्यूयॉर्कला असतील तर नाव बदला, रीत तीच.

आधी दोरा घ्या

हो, शिवणाचा दोरा. आणि मुलांचा जुना पृथ्वीगोल. मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे आमच्याकडे माळ्यावर एक होताच; ३० सेंटीमीटर व्यासाचा, आफ्रिकेवर पोचा आलेला. अशा गोलाचा घेर साधारण ९४ सेंटीमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जवळपास ४२५ किलोमीटर.

दोऱ्याचं एक टोक नाशिकवर अंगठ्याने दाबा, दुसरं लंडनवर न्या आणि ताणा. ढिला सोडू नका. दोरा आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. आता तेवढा दोरा पट्टीवर धरा. आमच्या डायनिंग टेबलावर तो १७ सेंटीमीटर भरला. १७ गुणिले ४२५ म्हणजे ७,२२५. कॉम्प्युटरने काढलेलं अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास आहे. दोऱ्याने एवढं अचूक येतं, यावर शेजारच्या इंजिनिअर मुलाचा विश्वास बसेना. त्याने स्वतः ताणून पाहिलं.

ज्यांना गणिताची हौस आहे त्यांच्यासाठी: नाशिक २० अंश उत्तर, ७३.८ पूर्व. हीथ्रो विमानतळ ५१.५ उत्तर आणि शून्य रेखावृत्ताच्या किंचित पश्चिमेला. पृथ्वीच्या केंद्रातून या दोन गावांकडे रेघा काढल्या तर त्यांच्यातला कोन ६४.८ अंश येतो. दर अंशाला १११.२ किलोमीटर. गुणाकार करा, तेच उत्तर.

गंमत म्हणजे मुंबई ते लंडन हे अंतरही साधारण ७,२०० किलोमीटरच आहे. आपण कसारा उतरून, ठाण्यात माजिवड्याच्या चौकात तासभर धूर खाऊन मुंबई गाठतो खरे. पण लंडन त्याने एक किलोमीटरही जवळ येत नाही. लंडन आपल्या वायव्येला, मुंबई नैर्ऋत्येला. आपण नुसते आडवे सरकतो.

एक सावधगिरी. इंटरनेटवर हेच अंतर तीन वेगवेगळ्या आकड्यांत दिसेल: ७,२००, ४,४७५ आणि ३,८९०. यातला एकही चुकीचा नाही. पहिला किलोमीटरमध्ये, दुसरा मैलांत, तिसरा सागरी मैलांत. वैमानिक सागरी मैल वापरतात आणि तो १.८५२ किलोमीटरचा असतो. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय भागाकाराला बसू नका.

दोरा कुठून गेला ते बघा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून नाशिक-लंडन रेघ मारली तर ती अरबी समुद्र, दक्षिण इराण, इराक, तुर्कस्तान अशी जाते. गोलावरचा दोरा मात्र वर वाकलेला दिसतो: कच्छ, पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, मग काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाने युक्रेन, पोलंड, जर्मनी. खरा जवळचा रस्ता हा दुसरा. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडचा भाग ताणला जातो, म्हणून तो लांबचा वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोला दोरा लावून पाहा, तो पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही नाही, सरळ वर ध्रुवाच्या दिशेने ७५ अंश उत्तरेच्या पलीकडे जाऊन पलीकडून उतरतो. वर्गात हे दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंही पुढे यायची.

पण विमान दोऱ्यावरून जाईलच असं नाही, आणि सध्या तर नाहीच. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली. (बालाकोटनंतर २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं.) जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्धात इराण-इराकचं आकाशही काही दिवस बंद होतं. मग विमानं अरबी समुद्रावरून आखातात शिरतात आणि तिथून तुर्कस्तान, युरोप अशी जातात. शाळेत ज्या सपाट नकाशावरच्या रेघेला आम्ही चूक म्हणून लाल फुली मारायचो, तिच्याच आसपासच्या वाटेने आता विमानं जातात, कारण वेगळं असलं तरी.

हिशोबासाठी एवढंच करा: दोऱ्याच्या अंतरात ५ ते १० टक्के घाला. मी ७ घालते. ७,२०० चे ७,७०० होतात.

आता तास काढा

मोठी जेट विमानं ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात, पण चढताना-उतरताना वेग कमी असतो. म्हणून भागाकार ८५० ने करायचा आणि वर ४० मिनिटं घालायची. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जाणं, उतरल्यावर गेट मिळेपर्यंत थांबणं, हे सगळं त्या ४० मिनिटांत. तिकिटावर छापलेला वेळ गेट ते गेट असतो. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा नव्हे.

७,७०० भागिले ८५०, म्हणजे नऊ तास आणि थोडं. अधिक ४० मिनिटं. पावणेदहा. मुंबई-लंडन थेट विमानाच्या तिकिटावर साडेनऊ ते सव्वादहा तास असं काहीसं दिसतं, तेव्हा जमलं म्हणायचं.

हीच रीत इतर गावांना लावून बघा. मुंबईहून दुबई १,९३० किलोमीटर, तीन तासांच्या थोडं वर. सिंगापूर ३,९००, साडेपाच तास. सिडनी १०,१०० च्या पुढे, म्हणजे पृथ्वीचा जवळजवळ पाव फेरा. न्यूयॉर्क १२,५०० आणि सोळा तास. एवढ्या वेळात माणूस दोनदा झोपून उठतो आणि तरी पोचत नाही.

मग जाताना पावणेदहा तास आणि येताना नऊच कसे? वाऱ्यामुळे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहत असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. लंडनला जाताना तो तोंडावर, परत येताना पाठीवर. हिवाळ्यात जास्त जोरात. परतताना समोरच्या छोट्या पडद्यावर वेगाचा आकडा बघत राहा, ताशी १,००० च्या पुढे गेलेला मी पाहिला आहे. विमान तेच आणि इंजिनही तेच, फक्त वारा आपला. म्हणून पश्चिमेला जाताना अर्धा तास वर धरा आणि येताना अर्धा तास कमी. सिडनीवाल्यांनी उलटं करा, त्यांना जाताना वारा साथ देतो.

घड्याळाचा घोळ

इथे सगळे अडकतात, म्हणून सावकाश.

भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावली आहे. १५ अंशाला एक तास, म्हणून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. (नाशिक त्या रेषेच्या बरंच पश्चिमेला आहे. आपला सूर्य खरं तर घड्याळापेक्षा पस्तीस मिनिटं उशिरा चालतो, पण तो विषय वेगळा.) लंडनचं घड्याळ मात्र वर्षातून दोनदा हलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. म्हणजे हिवाळ्यात फरक साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार.

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटायच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचायच्या गावची. ती दोन एकमेकांतून वजा केली की भलतंच काहीतरी येतं. आमच्या काकू एकदा म्हणाल्या, "एकला सुटतं आणि साडेपाचला पोचतं, साडेचार तासच की!" नाही काकू. दुपारी एक म्हणजे तेव्हा लंडनमध्ये सकाळचे साडेसात. साडेसात अधिक दहा तास, संध्याकाळचे साडेपाच. (हे हिवाळ्यातलं. उन्हाळ्यात तेच विमान तिथल्या साडेसहाला पोचेल.)

नियम एकच: आधी सुटण्याची वेळ पोचायच्या गावच्या घड्याळात बदला, मग तास मिळवा. न्यूयॉर्कला हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ; तिथे घड्याळ बदलायच्या तारखाही वेगळ्या, मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. सिडनी आपल्या पुढे. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा, तेव्हा फरक साडेपाच तास, एरवी साडेचार. पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात "+१" असेल तर दुसऱ्या दिवशी पोचणार.

तारीख. पुन्हा एकदा तारीख

नाशिकच्या सिडकोत राहणारे आमचे एक काका. तिकीट १८ तारखेचं. मी १७ ला दुपारी चारच्या सुमारास शुभेच्छा द्यायला फोन केला.

"काका, किती वाजता निघताय?"

"अगं, निवांत. उद्या रात्रीचं जेवण करून. विमान अठराचं आहे ना."

"वेळ काय आहे तिकिटावर?"

चष्मा शोधण्याचा आवाज, काकूंना हाक, कागदांची सळसळ. मग काका म्हणाले, "शून्य शून्य पंचेचाळीस."

मी काही बोलायच्या आत काकूंच्या लक्षात आलं. १८ तारीख, ००:४५ म्हणजे १७ ची रात्र संपून पाऊण तास झालेला. म्हणजे आज रात्री! एक बॅग भरलेली, दुसरी रिकामी, गोडा मसाला अजून डब्यात. पावणेपाचला गाडी दारात उभी केली, इस्त्रीचे कपडे तसेच कोंबले आणि साडेनऊला ते विमानतळावर पोचले. विमान मिळालं. गोडा मसाला राहिला, तो मी नंतर नेला.

मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकीट हातात आलं की पहिलं काम: ००:०० ते ०५:०० मधली वेळ असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसावर लाल गोल करा आणि त्यात "आज संध्याकाळी निघायचं" असं लिहा. तारीख लिहू नका, वाक्य लिहा.

त्याच बैठकीत विमानतळाचं नावही वाचा. मुंबईत सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि सहारचं टर्मिनल २ एकमेकांपासून लांब आहेत. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर जुना, एनएमआय असेल तर नवी मुंबई. चुकीच्या ठिकाणी पोचलात तर खाडी ओलांडून यावं लागेल.

नाशिक ते सहार

दोऱ्याने मोजलं तर नाशिक-मुंबई १४० किलोमीटर. रस्त्याने १६५-१७०. अख्ख्या प्रवासातला हा सगळ्यात छोटा तुकडा, आणि भरवशाचा सगळ्यात कमी. विमान ७,७०० किलोमीटर जाऊन वेळेच्या पंधरा मिनिटं इकडेतिकडे पोचतं. आपली गाडी १७० किलोमीटरला साडेतीन तास घेईल की सहा, हे कुणाचा बापही सांगू शकत नाही.

पाथर्डी फाटा सोडला की गोंदे, घोटी, इगतपुरीपर्यंत गाडी छान पळते. मग घाट. माझ्या पहिल्या खेपेला कसाऱ्यात एक कंटेनर आडवा झाला होता. गाड्यांची रांग लागलेली, पुढे लाल दिव्यांची माळ, ड्रायव्हर उतरून रस्त्याकडेला उभा, आणि मी पासपोर्टची पिशवी पोटाशी धरून मिनिटं मोजत होते. पावणेदोन तास गेले. वर दीड तास हाताशी ठेवलेला होता, म्हणून निभावलं. पावसाळ्यात त्यात धुकं आणि दरडीची भीती.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून हा घाट टाळता येतो. इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातून सह्याद्री कधी ओलांडला ते कळतही नाही. टोल जास्त पडतो. विमान गाठायचं असेल त्या दिवशी तो भरावा असं माझं मत आहे. पण समृद्धी आमण्याला, म्हणजे भिवंडीच्या अलीकडे, तुम्हाला सोडते. पुढे भिवंडी बायपास, माजिवडा आणि तिथून विमानतळ हे सगळं जसंच्या तसं आहे. घाट वाचला, माजिवडा वाचला नाही.

माझे ठोकताळे असे. रात्री अकरा ते पहाटे पाच ठाण्यातून जाणार असाल तर साडेतीन तास धरा. सकाळी आठ ते अकरा किंवा संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात ठाणं लागणार असेल तर पाच. जुलै-ऑगस्ट असेल तर आणखी एक. वर दीड तास हाताशी, हा कधीच कापायचा नाही. विमानतळावर लवकर पोचलात तर महाग कॉफी प्याल. उशिरा पोचलात तर तासभर आधी काउंटर बंद झालेला असतो, आणि "नाशिकहून आलोय हो" याला तिथे काही किंमत नसते.

रेल्वेचा मार्गही वाईट नाही. नाशिकरोडहून सकाळी पंचवटीने निघालात तर घाटातला कंटेनर तुमचं काही बिघडवत नाही. ठाण्याला किंवा दादरला उतरून टॅक्सी. सीएसएमटीपर्यंत गेलात तर ऑक्टोबर २०२५ पासून तिथून मेट्रो ३ थेट टर्मिनल २ ला जाते. एकट्याने, एका बॅगेनिशी जाणाऱ्याला हे उत्तम. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि गुडघे दुखणारे सासरे बरोबर असतील तर गाडीच करा.

ओझरहून निघालं तर?

हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो. ओझरचा विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, शहरापासून वीसेक किलोमीटरवर, घाट नाही की माजिवडा नाही. तिथून दिल्लीला विमान मिळतं, आणि दिल्लीहून लंडन.

अंतराने बघा. ओझर-दिल्ली साधारण १,००० किलोमीटर, दिल्ली-लंडन ६,७०० च्या थोडं वर. बेरीज ७,७००. दोऱ्यापेक्षा पाचशे किलोमीटर जास्त, म्हणजे विमानाच्या हिशोबात पाऊण तास. काहीच नाही. खरा वेळ दिल्लीतल्या थांब्यात जातो.

तिथे दोन गोष्टी बघा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर आहेत का? असतील तर पहिलं उशिरा आल्यामुळे दुसरं विमान चुकल्यास पुढची सोय कंपनी लावते आणि बॅगा थेट लंडनला पोचतात. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर पहिलं उशिरा आलं तरी दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही गेले. दुसरं, दिल्लीत टर्मिनल बदलावं लागतंय का. तिथे टर्मिनल १ आणि ३ मध्ये काही किलोमीटरचं अंतर आहे, बाहेर पडून बस किंवा टॅक्सीने जावं लागतं. चार-पाच तासांचा थांबा असेल तर निर्धास्त. डिसेंबरअखेर ते जानेवारी दिल्लीचं धुकं लक्षात घ्या. त्या दिवसांत मी मुंबईच पसंत करेन, घाटासकट.

मुंबईहूनच पण थांबा घेऊन जायचं, स्वस्त पडतं म्हणून, तर दुबईसारखं ठिकाण वाटेवरच आहे. मुंबई-दुबई-लंडन बेरीज ७,४०० च्या थोडं वर. थेटपेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त. आपल्याला वाटतं आपण वाकडी वाट करून चाललोय, दोरा तसं म्हणत नाही. मुंबई-दिल्ली-लंडन त्याहून वाकडं आहे, साडेसहाशे किलोमीटर जास्त. अर्थात थांबा दोन तासांचा की अकरा तासांचा, हेच शेवटी प्रवास ठरवतं. आणि मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते तिकीट काढण्याआधी बघायचं, नंतर नाही.

कागद उलटा लिहा

आता सगळं एका कागदावर, खालून वर. माझा कागद असा होता. विमान दुपारी एकचं, महिना जानेवारी.

विमान १३:००. तीन तास आधी विमानतळ: १०:००. निघणार पहाटे, म्हणून ठाणं सकाळची गर्दी भरायच्या आत लागणार, तेव्हा पाच नाही, चार तास: ६:००. हाताशी दीड तास: ४:३०. अलार्म साडेतीनचा, कारण देवापुढे दिवा लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी उंबरठा ओलांडत नाही.

पुढची बाजू: लंडनला तिथल्या साडेपाचला उतरायचं. पासपोर्टची रांग आणि बॅगा, दीड तास. भुयारी रेल्वेने मुलीच्या घरी, एक तास. तिथले आठ म्हणजे आपले दीड. साडेचार ते दीड, एकवीस तास. कसाऱ्यातल्या पावणेदोन तासांनी हाताशी ठेवलेला दीड तास खाऊन टाकला, विमानतळावर सव्वादहाला पोचले, आणि तरी बाकीचा कागद जसाच्या तसा खरा ठरला.

ओझर-दिल्ली धरून तोच कागद केला तर बावीस तास येतात: घरून चाळीस मिनिटं, दोन तास आधी, दोन तास दिल्ली, पाच तास थांबा, दहा तास विमान, अडीच तास तिकडचे. जवळपास बरोबरीच. मग ठरवायचं एवढंच, की ते जास्तीचे तास गाडीत बसून काढायचे की विमानतळाच्या खुर्चीवर.

परतीचा कागदही जायच्या आधीच करून ठेवा. दिल्लीमार्गे ओझरला येणार असाल तर दिल्लीत बॅगा काढून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा जमा कराव्या लागतात, त्याला दोन तास वेगळे. मुंबईला उतरणार असाल तर ड्रायव्हरला विमान उतरण्याची वेळ सांगू नका, त्यानंतर दीड तासाची सांगा. तोवर तुम्ही बाहेर येता आणि पार्किंगचा मीटर फिरत नाही. आणि आमच्या ड्रायव्हरदादांनी मला शिकवलेली एक गोष्ट: पहाटे उतरणार असाल तर घोटीच्या आधी चहाला थांबवू नका. शहापुराशी थांबलं की मागून नाशिकच्या सगळ्या गाड्या पुढे निघून जातात आणि टोलनाक्यावर आपण शेवटचे.